बदली पिचरच्या बोटांना साजेसा चेंडू

अमेरिकी बेसबॉलपटू लाट्रॉय हॉकिन्सने १९९५ ते २०१५ या २१ हंगामांत ११ संघांकडून १,०४२ सामने खेळले. सुरुवातीच्या पिचरची, म्हणजे सामन्याच्या आरंभापासून चेंडू टाकणाऱ्याची, जागा सुटल्यावर २००० पासून तो सामन्याच्या मध्येच उतरणारा बदली पिचर झाला आणि मिळेल त्या गावी बिऱ्हाड हलवत टिकून राहिला, ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. त्याच्यासारखी पकड दारव्हा तालुक्यातील आमच्या शाळेच्या मुलांना शिकवावी, म्हणून यवतमाळहून बेसबॉलचा हा चामडी चेंडू आणला. त्याचे १०८ दुहेरी टाके उठावदार असल्याने दोन बोटे शिवणीवर आडवी ठेवताच पकड घट्ट बसते. कोरड्या मैदानासाठी तो अवश्य घ्यावा. मात्र कपाशीच्या धुऱ्यावरील दवात भिजताच चामडे फुगले, एक टाका उसवला आणि दुकानदाराने तो बदलून दिला नाही.