सीसॅटसाठी संचांचा व्हिडिओ कोर्स: आकृतीत भक्कम, शेवटी घाईचा

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपरची तयारी करणाऱ्यांसाठी एका क्लासने काढलेला संचांवरील व्हिडिओ कोर्स आणि त्यासोबतची सरावपुस्तिका मी नुकतीच पूर्ण केली. नववीत संच शिकून पुढे गणिताशी संबंध तुटलेल्या उमेदवारांसाठी तो बेतलेला आहे आणि त्यांनी तो जरूर घ्यावा.

दोन गटांचा भाग सोपाच असल्याने शिक्षक तो लवकर उरकतात, हे योग्यच. तीन गटांच्या उदाहरणांत मात्र त्यांची हातोटी दिसते. एका उदाहरणात मराठी येणारे 60, हिंदी येणारे 50 आणि इंग्रजी येणारे 40 जण आहेत. मराठी-हिंदी येणारे 20, हिंदी-इंग्रजी येणारे 15, मराठी-इंग्रजी येणारे 18 आणि तिन्ही भाषा येणारे 8 आहेत. फक्त मराठी येणारे किती, असे विचारल्यावर बहुतेक जण 60 मधून 20, 18 आणि 8 वजा करून 14 हे उत्तर देतात आणि पर्यायांत 14 हमखास असतेच. शिक्षक वेन आकृतीत, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या तीन वर्तुळांत, आधी तिन्हींच्या सामाईक मधल्या भागात 8 लिहायला लावतात. त्यामुळे मराठी-हिंदीच्या 20 जणांत ते 8 आधीच मोजलेले आहेत, हे आकृतीतच दिसते आणि तिथे 12, तर मराठी-इंग्रजीच्या भागात 10 उरतात. मग 60 मधून 12, 10 आणि 8 वजा केल्यावर 30 हे खरे उत्तर मिळते. सूत्र पाठ करून ही समज येत नाही.

'कमीत कमी किती' या प्रकारात मात्र कोर्सने निराशा केली. शंभर जणांपैकी 70, 75 आणि 80 जणांकडे अनुक्रमे तीन वस्तू असतील, तर तिन्ही असणारे किमान किती, या प्रश्नाला बेरजेतून 200 वजा करा एवढेच सांगितले आहे. वस्तू नसणारे अनुक्रमे 30, 25 आणि 20, म्हणजे एखादी तरी वस्तू नसणारे जास्तीत जास्त 75. म्हणून उरलेल्या 25 जणांकडे तिन्ही असणारच, एवढे सांगायला फार वेळ लागला नसता. पुस्तिकेतही या प्रकाराची नुसती उत्तरे छापली आहेत, त्यामुळे चुकलेल्याला कुठे चुकले ते कळत नाही. पुढच्या आवृत्तीत निदान एवढ्या उदाहरणांची तरी स्पष्टीकरणे द्यावीत.