गावात दाखवायचा माहितीपट: ‘नीरोज गेस्ट्स’ की ‘जय भीम कॉम्रेड’?

कापसाच्या पट्ट्यातल्या गावात एकच माहितीपट दाखवायचा ठरला की ही दोन नावं हमखास पुढे येतात. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११).

पहिल्याची बाजू भक्कम वाटते. विषय विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा, पत्रकार पी. साईनाथ घराघरांत जाऊन बोलतात, लांबी ५६ मिनिटं. वेचणीच्या दिवसांत बाया अंधार पडेपर्यंत वावरात असतात. जेवणं आटोपून साडेआठला बसलेलं गाव दहाच्या आत मोकळं होतं. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळे ही सोय लहान नाही.

अडतं ते भाषेवर. साईनाथांची भाषणं इंग्रजीत, सबटायटलही इंग्रजीत. मराठी सबटायटलची फाइल करता येते: ती यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये साठवावी, नाहीतर अक्षरांचा गोंधळ होतो, नाव चित्रपटाच्या फाइलचंच ठेवावं, म्हणजे प्लेअर ती आपोआप उचलतो. पण सतरंजीवर मागे बसलेल्या म्हाताऱ्यांचं वाचून होईस्तोवर ओळ बदलते. मग कुणीतरी माइकवर सांगायला बसतो, आणि खरा त्रास तिथे सुरू होतो. त्याच्यासाठी मूळ आवाज खाली घ्यावा लागतो. तेवढ्यात पडद्यावर नवरा गमावलेली बाई आपल्या मराठीत बोलू लागते, आणि आवाज वर येईपर्यंत तिचं पहिलं वाक्य गेलेलं असतं. समोर बसलेल्या बायांनी जे ऐकायचं, नेमकं तेच हुकतं. भाषणाआधी चित्रपट थांबवून सांगितलं तर थोडं सुधारतं. पण कैदी जाळून रोमन सम्राट नीरोने बागेत उजेड केला आणि पाहुणे जेवत राहिले, ही साईनाथांची उपमा तुकड्यांत सांगितली की तिची धार जाते.

‘जय भीम कॉम्रेड’ मुख्यतः मराठी-हिंदीत आहे. विषय दलितांवरचे अत्याचार आणि शाहिरांची गाणी. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिस गोळीबारात १० जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. तिथून पुढे १४ वर्षं चाललेलं हे काम खैरलांजीच्या हत्याकांडापर्यंत, म्हणजे आपल्या भंडाऱ्यापर्यंत येतं. सांगायला कुणी लागत नाही. गाणं सुरू झालं की मागच्या रांगाही ठेका धरतात.

लांबी मात्र तीन तासांच्या आसपास. एका रात्रीत उरकू नका. दोन रात्री लावा, आणि एखादं गाणं संपतं तिथे तोडा; ते ठिकाण मिनिट-सेकंदासह आधीच लिहून ठेवा. इथे चित्रापेक्षा आवाजाला जपा. प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर शब्द कळत नाहीत, दोन बॉक्स हवेतच. पत्र्याच्या समाजमंदिरात आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगल्या की बराच फरक पडतो. दिव्याच्या प्रोजेक्टरला यूपीएस द्या. लाइन गेली की पंखा थांबतो, आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं.

गोंडी बोलणारं गाव किंवा कोलामांचा पोड (वस्ती) असेल तर दोन्ही थोडे परकेच वाटतील. तिथे मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांचा ‘गाडी लोहरदगा मेल’ आधी पाहून घ्यावा. तोही गाण्यांवर चालतो.

तालुक्याच्या कॉलेजात मी कदाचित ‘नीरोज गेस्ट्स’च सुचवीन. गावच्या पटांगणात नाही. कोणताही निवडा, जाहीर प्रदर्शनाची लेखी परवानगी दिग्दर्शकाकडून मागा, आणि ती हाती आल्यावरच तारीख फलकावर लिहा.