कनातीतला किनेक्ट: कृषी प्रदर्शनातल्या गेमिंग स्टॉलची पारख

तिकीट ४० रुपये, वेळ ३ मिनिटं. ठिबकच्या नळ्या, बॅटरीचे फवारणी पंप आणि रोटाव्हेटरची रांग संपली की हा मंडप. तालुक्याच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त पोट्टे इथेच गोळा झालेले. आत अंग हलवून खेळायची चार व्हिडिओ गेमची यंत्रं मांडली होती: निन्टेन्डो वी, एक्सबॉक्स ३६० सोबत किनेक्ट हा हालचाल टिपणारा सेन्सर, प्लेस्टेशन ३ सोबत मूव्ह ही हातात धरायची कांडी आणि डोक्यावर चढवायचं मेटा क्वेस्ट २. चौथं सोडलं तर सगळी जुनी. वी २००६ ची, किनेक्ट आणि मूव्ह २०१० ची. किनेक्ट बनणं तर २०१७ लाच बंद झालं. पण जुनेपणाचा इथे काही प्रश्न नाही. हात हलवला की पडद्यावरचा माणूस हात हलवतो, एवढ्यावर आजही लोक खूश होतात.

तरी मंडपातून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य जास्त होतं: मशीन बिघडली वाटते. चारपैकी एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं. बिघडलेली होती मांडणी, आणि तीही अशी की डेकोरेशनवाल्याला आदल्या दिवशी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर निस्तरली असती. पुढच्या हंगामात गणेश मंडळ, शाळेचं स्नेहसंमेलन किंवा प्रदर्शनासाठी असा स्टॉल कुणी बोलावणार असेल, तर त्याच्या कामी यावं म्हणून हे तपशिलात.

किनेक्टपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तिकिटं त्याच्यावर फाटली आणि सगळ्यात जास्त बोलणीही त्यानंच खाल्ली. हातात काही धरायचं नाही, अंगच रिमोट. सेन्सर डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी समोर फेकतो. अंगावर पडल्यावर ती जाळी कुठे किती सरकली, यावरून तो अंतर मोजतो आणि त्यातून अंगाचे २० सांधे ओळखतो. यासाठी एक खेळाडू असेल तर साधारण ६ फूट आणि दोन असतील तर ८ फूट अंतर लागतं. आता प्रदर्शनातला गाळा असतो १० बाय १० फुटांचा. टीव्हीच्या टेबलाला २ फूट गेले, उरले ८. म्हणजे दोघं खेळत असले की त्यांच्या टाचा गाळ्याच्या काठावर आणि मानेवर मागच्या गर्दीचा श्वास. किनेक्ट समोरच्या सहा जणांपर्यंत माणसं पाहतो, पण खेळायला घेतो दोघांनाच. मागून एखादं पोरगं वाकून डोकावलं की तेच खेळाडू ठरतं आणि ज्यानं ४० रुपये मोजले तो पडद्यावरून गायब. या स्टॉलवर हे दर दुसऱ्या डावाला होत होतं आणि चालवणारा पोरगा बिचारा गर्दीवर ओरडत होता. ओरडून उपयोग नाही. लागून असलेले दोन गाळे घ्या, मधली कनात काढून टाका, सेन्सरपासून १२ फुटांवर दोरी बांधा. त्याचा पल्लाच साडेतीन मीटरच्या आसपास संपतो, त्यामुळे दोरीपलीकडे कितीही नाचा, त्याला फरक पडत नाही. स्टॉल उघडायच्या आधी सेटिंगमधला किनेक्ट ट्यूनर लावून सेन्सरला नक्की काय दिसतं ते पाहून घ्यावं, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा शत्रू ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यात सेन्सरची ठिपक्यांची जाळी पार धुऊन जाते. या मंडपाचं तोंड पश्चिमेला होतं. दुपारी साडेतीनपर्यंत खेळ बरा चालला, मग ऊन कनातीखालून आत शिरलं आणि किनेक्ट आंधळा झाला. नेमकी गावाकडची गर्दी याच वेळेला येते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून गाळ्याचं तोंड उत्तरेला मागून घ्यावं, सरळ ऊन आत येतच नाही. वर पांढरं पातळ कापड असेल तर त्याच्यावर गडद रंगाचा दुसरा थर टाकायला लावा.

आणि कपडे. हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. गोल साडी नेसलेली बाई किनेक्टपुढे उभी राहिली की दोन पाय वेगळे दिसतच नाहीत, खाली एक सलग पडदा दिसतो. मग पडद्यावरची आकृती गुडघ्यातून मुरगळल्यासारखी वाकडी होते. पाहणारे हसतात आणि बाई ओशाळून बाजूला होते. काष्ट्याच्या लुगड्यात आणि धोतरात पाय वेगळे राहतात, तिथे एवढी पंचाईत नाही. म्हणजे आजीचं जमतं आणि सुनेचं अडतं! लोंबता पदर, खांद्यावरचा दुपट्टा हेही हाताला हात जोडल्यासारखे घोटाळे करतात. पदर खोचायला सांगावं आणि पायांचा खेळ लावूच नये. किनेक्ट स्पोर्ट्समधलं बोलिंग किंवा टेबल टेनिस लावा, अडथळ्यांची शर्यत नको. इथे मात्र येईल त्याला किनेक्ट ॲडव्हेंचर्समधली नदीतली होडी लावून देत होते. त्यात तर उड्या मारायच्या.

उड्यांवरून आठवलं, जमीन. ओल येऊ नये म्हणून खाली लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म घातलेला, त्याच फळ्यांवर टीव्हीचं टेबल आणि टेबलावर सेन्सर. दोघांनी उडी मारली की सेन्सर हलतो आणि चित्र थरथरतं. सेन्सरचा स्टँड फळ्यांच्या बाहेर, थेट जमिनीवर ठेवायचा, २ ते ६ फूट उंचीवर. स्पीकरच्या डोक्यावर तर मुळीच नाही. आणि सेन्सरची मान हातानं वाकवायची नाही. आत मोटार आहे, ती स्वतः वरखाली करते. हातानं ओढली की तिचे दाते तुटतात. त्या पोरानं दिवसातून दहादा ओढली असेल.

एवढं सगळं जमवल्यावरही किनेक्टमध्ये हात हलणं आणि पडदा हलणं यात थोडी फट राहते. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात तो मांडला गेला, तेव्हाही जाणकारांची हीच तक्रार होती. भाड्याचा टीव्ही असेल तर त्यात गेम मोड शोधून सुरू करा, फट कमी होते. मोठी एलईडी वॉल दिसायला झकास, पण खेळायला टीव्हीच बरा.

वीचा टेबल कोपऱ्यात टाकलेला, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष कमी गेलं. अन्याय झाला म्हणायचा. या मंडपातलं सगळ्यात निभावून नेणारं यंत्र तेच. त्याला साडी चालते, गर्दी चालते, ८ फुटांची जागा पुरते. हालचाल ओळखणारा भाग हातातल्या रिमोटमध्येच आहे, मागे कोण उभं आहे याच्याशी त्याला घेणं नाही. टीव्हीवर ठेवतात त्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात खरं, पण तिच्यात सेन्सर नाहीच. दोन्ही टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत, एवढंच. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो आणि तो ते दिवे पाहून पडद्यावरचा बाण हलवतो. म्हणूनच पट्टी खराब झाली तर तिच्या जागी तेवढ्याच अंतरावर दोन मेणबत्त्या लावूनही बाण चालतो. कापडी मंडपात हा प्रयोग मात्र कुणी करू नये. याच कारणानं टीव्हीमागे हॅलोजन असला की बाण सैरावैरा पळतो. हॅलोजन इन्फ्रारेड ओकतो, रिमोटला तो तिसरा दिवा वाटतो. इथे संध्याकाळी हेच झालं. एलईडीचा फोकस लावला की प्रश्न मिटतो.

बोलिंगमध्ये लोक अडतात ते एकाच जागी. बी बटन दाबून धरायचं, हात मागून पुढे आणायचा आणि चेंडू सोडायच्या क्षणी बटन सोडायचं. बहुतेक जण सोडतच नाहीत. ‘बटन रिलीज करा’ असं सांगून कुणाला कळत नाही. जोंधळ्यावरची पाखरं हाकलायला गोफण फिरवतो आणि नेमक्या वेळी तिचा एक पदर सोडतो तसं, असं सांगितलं की म्हातारा माणूसही दुसऱ्या चेंडूला सगळ्या बाटल्या पाडतो.

मनगटाची दोरी घातल्याशिवाय रिमोट हातात देऊ नका. २००६ च्या डिसेंबरात निन्टेन्डोलाच मूळच्या बारीक दोऱ्या बदलून जाड द्याव्या लागल्या होत्या आणि पुढच्या वर्षी रिमोटवर रबरी कव्हर फुकट वाटावं लागलं. रोज कुदळ-पावडं चालवणाऱ्या हातातून सुटलेला रिमोट टीव्हीच्या काचेवर गेला तर दिवसाची कमाई तिथेच. रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात. चार्जिंगचे सेल दोन जोड ठेवले की झालं.

वी घेताना फसायची जागा एकच. निन्टेन्डोचा माल आपल्याकडे कंपनीच्या दुकानातून विकला जात नाही, बाहेरून आलेलाच मिळतो. अमेरिकेतून आलेल्या वीचा ॲडॉप्टर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० च्या बोर्डात घातला की धूर. आधी ॲडॉप्टरच्या पोटावर काय छापलंय ते वाचा. लिहिलेला व्होल्टेज आपला नसेल तर १२ व्होल्ट, ३.७ अँपिअर देणारा योग्य ॲडॉप्टर घ्या.

मूव्हबद्दल थोडक्यात. कांडीच्या टोकाला रंगीत उजळणारा गोळा, आणि तो किती मोठा दिसतो यावरून कॅमेरा अंतर ठरवतो. तिन्ही जुन्या यंत्रांत नेम सगळ्यात अचूक याचाच. पण मागे रंगीबेरंगी झालर आणि लुकलुकणाऱ्या माळा असतील तर कॅमेऱ्याच्या नजरेतून गोळा हरवतो. नेमकी याच्याच मागे माळ सोडलेली होती. साधी गडद चादर बांधा, बस.

क्वेस्ट २ पुढची रांग सगळ्यात लांब आणि सगळ्यात संथ. डोक्यावर चढवायचा डबा, त्यावरचे चार कॅमेरे आजूबाजूची जागा पाहून स्वतःचं ठिकाण ठरवतात. चहूबाजूंनी कोरी पांढरी कनात असली तर त्यांना धरायला खूणच सापडत नाही, आणि फॅननं ती कनात हलत असली तर भिंतच चालल्यासारखी वाटते. कनातीवर चार-सहा वेगवेगळी पोस्टरं घट्ट चिकटवा. बी-बियाण्यांची जाहिरात असली तरी चालेल, तेवढ्यात काम होतं. दिवे थरथरत असतील तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ५० हर्ट्झ करून ठेवा, आपली वीज ५० चीच आहे. उभं राहून फिरायचं असेल तर साधारण साडेसहा फूट चौरस जागा मोकळी हवी. नसेल तर सरळ खुर्चीवर बसवा. वयस्क माणसाला तर खुर्चीच द्या, भोवळ येते. दहा वर्षांखालच्या मुलांना कंपनीच परवानगी देत नाही. इथे मात्र सहा-सात वर्षांच्या पोरांनाही चढवत होते, हे वाईट.

डबा उन्हात उघडा ठेवायचा नाही. भिंगातून ऊन आत शिरलं की आतला पडदा कायमचा भाजतो. चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमच्या गादीवर दर माणसागणिक घाम, त्यामुळे सिलिकॉनचं कव्हर लावावं आणि ते प्रत्येक वेळी पुसावं. भिंगाला स्पिरिट लावू नये, कोरडं मायक्रोफायबरचं कापड वापरावं. बॅटरी दोन ते तीन तास चालते, म्हणून खेळणाऱ्याच्या खिशात पॉवर बँक द्यायची. इंटरनेटची, खात्याची सगळी कामं घरीच उरकून यावीत. प्रदर्शनात हजारो मोबाइल एका टॉवरवर असतात, तिथे अपडेट सुरू झालं की दुपार गेलीच.

वीज. चारही यंत्रं, दोन टीव्ही आणि एक फॅन एकाच एक्सटेन्शन बोर्डावर, आणि बोर्ड जनरेटरवर. शेजारच्या स्टॉलनं मोटार पंप दाखवायला चालू केला की इथे टीव्ही झपकन काळा. यंत्रांसाठी वेगळी लाइन मागा आणि मध्ये यूपीएस ठेवा. जुना एक्सबॉक्स ३६० असेल तर किनेक्टला स्वतःचा वेगळा ॲडॉप्टर लागतो. नंतरच्या बारीक मॉडेलला मागे त्याची खास जागा आहे, एकाच वायरीत भागतं. भाड्यानं घेताना हे विचारलंच पाहिजे, नाहीतर एक प्लग कमी पडतो आणि सकाळचे दोन तास तो शोधण्यात जातात.

४० रुपयांत ३ मिनिटं हा दर वीसाठी रास्त, किनेक्टसाठी महाग, कारण त्यातलं एक मिनिट ओळख पटण्यातच जातं. क्वेस्टला ३ मिनिटं म्हणजे पट्टा आवळेपर्यंत वेळ संपला. त्याला ६ मिनिटं द्या आणि ७० घ्या. पैसे कमी असतील तर क्वेस्ट आणि मूव्ह सोडा, दोन वी आणि एक किनेक्ट मागा. भंडारा-गोंदियाकडच्या मंडईसाठी, म्हणजे रात्री नाटक असतं त्या गावजत्रेसाठी, तर किनेक्टही संध्याकाळी दिवस मावळल्यावरच काढावा. दिवसा वी चालू द्यावं, आणि नाटकाची घंटा होईपर्यंत जो वेळ मिळतो तेवढा किनेक्टचा.