मामांची ८८ सालची बुलेट, अकरा महिन्यांनंतर: कार्बोरेटरचा काही गुन्हा नव्हता

परवा मेकॅनिकशी कडाक्याचं भांडण झालं म्हणून आजच लिहायला बसलो. नाहीतर पाडव्याला वर्ष पुरं झालं की लिहिणार होतो. गाडी साडेतीनशे सीसीची, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन छोटे संपर्क, ते पॉइंट), उजव्या पायाचे गिअर. ज्यांनी चालवली आहे त्यांना बाकीचं सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या मामांचे गुडघे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. 'फुकटात मिळाली' असं घरात सगळे म्हणतात. खर्चाची वही माझ्याकडे आहे.

पहिले दोन महिने कौतुकाचेच गेले. खोड एकच, पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, गळतो. बंद करून ठेवला तरी गळतो. धार नाही, थेंब. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला चार. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तारेने खाली बांधली, तर सकाळपर्यंत साठ मिली जमलं. म्हणजे महिन्याला पावणेदोन लिटरच्या वर, आणि पेट्रोल शंभरीपार. नवा कॉक साडेतीनशेला. पण बाटलीतलं पेट्रोल रोज सकाळी गाळून टाकीत परत ओतलं तर नुकसान शून्य, मग साडेतीनशे कशाला घालायचे? हा हिशेब बायकोला पटलेला नाही. "अहो, अंगणात बॉम्ब बांधून ठेवलाय तुम्ही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कॉकबद्दल पुढे पुन्हा येईनच.

खरा रोग मे महिन्यात सुरू झाला. वीस-पंचवीस मिनिटं गाडी झकास चालायची, मग दोनदा फटफट करून भर रस्त्यात मरायची. पलासियाच्या सिग्नलवर, ऑफिसच्या वेळेला, मागे सगळं इंदूर हॉर्न वाजवतंय. कडेला घेऊन पंधरा मिनिटं उभी केली की एका किकमध्ये चालू.

मेकॅनिकने ऐकलं, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा पिळला आणि निकाल दिला, "भिया, कारबोरेटर गया इसका." म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. प्लग काढून ठिणगी पाहिली नाही. टाकीचं झाकणही उघडून पाहिलं नाही. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी गाडी अशीच मरते, कारण टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. थोडा वेळ थांबलं की पुन्हा उतरतं. ते मी स्वतः पाहिलं. मेल्याबरोबर झाकण उघडलं, 'फुस्स' झालं नाही, गाडीही चालू झाली नाही. म्हणजे ते नव्हतं. पण माझीही अक्कल तिथेच संपली, कारण अँपिअरचा, म्हणजे बॅटरीचा करंट दाखवणारा, काटा. किक मारताना पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे जातो, उघडले की मध्ये येतो. माझा काटा व्यवस्थित नाचत होता. काटा नाचतोय म्हणजे विजेचं ठीक, असं मी धरून चाललो. काट्याला फक्त प्राथमिक सर्किट, म्हणजे बॅटरी-कॉइल-पॉइंट एवढंच, कळतं, प्लगपर्यंत काय पोचतंय ते त्याला कळत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

वहीतून उतरवतो: टाकी धुणे ५००, प्लग तीन वेळा मिळून ३३०, नवा कार्बोरेटर १८५०, मजुरी ४००. बेरीज ३०८०.

जुलैत मी फोनमध्ये लिहून ठेवलं होतं: 'नवा कार्बोरेटर टाकल्यापासून गाडी लोण्यासारखी. जुन्याच्या नादी लागू नका.' ते अजून पुसलेलं नाही, माझ्या शहाणपणाचा पुरावा म्हणून राहू दे. पावसाळा होता, हवा गार होती, आणि माझी फेरी घर ते ऑफिस चार किलोमीटरची. इंजिन तापायलाच सवड नव्हती.

ऑक्टोबरच्या एका रविवारी ओंकारेश्वरला निघालो. सिमरोल गेलं, भेरूघाट लागला, आणि घाटात तेच. फट, फट, शांत. गार करत करत कसाबसा जाऊन आलो. परतताना दिवेलागणीला पुन्हा घाटातच अडकलो. मामांना फोन लावला.

"अरे, पॉइंट बघितलेस का?"

"मामा, गॅप बरोबर आहे. गेज लावून पंधरा थाउ केलीय." (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.)

"गॅप नाही रे बाबा. पॉइंटचं झाकण काढ, गार झाली की चालू कर, आणि अंधारात पॉइंटकडे बघत बस. प्लगकडे नको, पॉइंटकडे."

बसलो. ट्रक अंगाला घासून जात होते. पहिली काही मिनिटं पॉइंटमध्ये बारीकशी ठिणगी, असेल-नसेल एवढी. मग इंजिन तापत गेलं तशी ती फुगायला लागली. दहाव्या मिनिटाला दुरून वेल्डिंग चालल्यासारखा निळा-पांढरा चाप, इतका की हाताच्या बोटांची सावली पडली. आणि फट, फट, शांत. इतक्या महिन्यांत तो रोग मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढा पत्र्याचा डबा, एक वायर. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट तिथेच उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो झेलतो, म्हणून कॉइलमधलं (प्लगसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या गुंडाळीतलं) चुंबकत्व झटकन कोसळतं आणि प्लगला दणका मिळतो. कंडेन्सर कमजोर झाला की ती ताकद पॉइंटवरच जळून जाते, पॉइंट काळे पडून खड्डे पडतात आणि प्लगला उरते पिवळट, मरतुकडी ठिणगी. गार असताना ठीक आणि गरम झाला की दगा, ही त्याची जुनी सवय. बाहेरून लक्षण हुबेहूब पेट्रोल न मिळाल्यासारखं. किंमत नव्वद रुपये. मामांच्या सांगण्यावरून नवा पॉइंटजवळ न बसवता वायर वाढवून वर कॉइलशेजारी कसला, इंजिनच्या धगीपासून लांब. डब्याच्या पत्र्याचं गाडीशी अर्थिंग चांगलं व्हायला हवं, म्हणून बसवण्याच्या जागेचा रंग खरवडला. त्या दिवसापासून गरम होऊन गाडी एकदाही मेलेली नाही. ओंकारेश्वर दोनदा झालं.

इथे संपलं असतं, पण आता नव्या कार्बोरेटरचा खरा रंग दिसायला लागला. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालू राहणं, टिकेना. प्लग काजळीने काळा. एअर स्क्रू आत घ्या, बाहेर घ्या, फरक नाही. उघडला तर जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीवर) नंबरच नाही आणि स्लाइड (आत वरखाली सरकणारा दट्ट्या) बोटाने हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. अ‍ॅव्हरेज बावीस. मामांच्या हातात तीसच्या खाली कधी आली नव्हती. म्हणजे निर्दोष माणसाला काढून त्याच्या जागी मी चोर बसवला, तोही १८५० रुपये देऊन.

जुना मिककार्ब, म्हणजे गाडीचा आधीचा कार्बोरेटर, मागायला गेलो तर मेकॅनिक म्हणाला, "वो तो कबाड़ में गया, भिया." तीनदा हेच उत्तर. परवा चौथ्यांदा गेलो, आणि हनुमानाच्या फोटोखालच्या फळीवर, अगरबत्तीच्या पुड्याशेजारी, तो बसलेला. ओळखला कसा? खालच्या वाटीचे तीन स्क्रू पांढरे आणि चौथा पितळी, चपट्या डोक्याचा. तो मामांनी कधीतरी घरच्या जुन्या स्विचबोर्डाचा काढून लावला होता. पुढचा अर्धा तास काय काय बोललो ते लिहीत नाही, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून परत मराठीत गेलो एवढंच सांगतो. शेवटी माझीच वस्तू मी तीनशे रुपये देऊन सोडवून आणली. वहीत 'खंडणी' म्हणून नोंद आहे.

काल रात्री तो ओट्यावर उघडला. फ्लोटच्या वाटीत हिरवट गाळ, पायलट जेट (आयडलिंगपुरतं पेट्रोल देणारं) बंद. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. मी झाडूची काडी भिजवून फिरवली आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली. रबरी ओ-रिंग फुगून सैल झाली होती. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येण्याच्या कितीतरी आधीचं हे रबर. सुई, ओ-रिंग, गॅस्केट मिळून किट २२० रुपये. एअर स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, इंजिन तापवून जिथे आयडलिंग सगळ्यात चढतं तिथे सोडला, मग दुसऱ्या स्क्रूने स्पीड खाली घेतला. एअर स्क्रूने हवा सुटते, पेट्रोल नाही. बाहेर घ्याल तितकं मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आज सकाळी पोहे आणायला जाऊन आलो, घरी येऊन प्लग काढला. काजळी नाही. प्लगच्या निरोगी, बिस्किटी रंगासाठी अजून शंभरेक किलोमीटर चालवावी लागेल.

चालू करून ठेवली तेव्हा मामा फोनवर आवाज ऐकत होते. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॉक बदललास की नाही?"

नाही बदलला. आज सकाळी बाटलीत पंचावन्न मिली होतं.