मिरामारच्या दर्यात आरशाच्या काचेचा गॉगल: घ्यावा, पण काच पारखून

पोहण्याचा गॉगल तलावात घालून पाहिला, गळला नाही, की आपण तो चांगला म्हणतो. मिरामारला एवढं पुरत नाही. पणजीत २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीत) समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं असतं, मुदत १ तास १० मिनिटं. म्हणजे दर १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४१ सेकंद. हिशेब सोपा वाटतो, पण तो सरळ रेषेचा आहे. बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) दिसला नाही की माणूस नागमोडी जातो आणि १.९ चे सहज २.१ किलोमीटर होतात.

इथे वेटसूटचा (अंगाला तरंगत ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचा) आधारही नाही. नियमाप्रमाणे पाणी २८.८ अंशांच्या वर गेलं की वेटसूटवर बंदी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपलं पाणी त्याच्याच आसपास असतं. नुसत्या ट्रायसूटवर (शर्यतीच्या पातळ, अंगाबरोबरच्या पोशाखावर) पोहताना डोकं वर काढलं की पाय खाली जातात आणि वेग तुटतो. एका नजरेत बोया सापडला तर एकदाच मान उचलावी लागते. काच धड नसेल तर तीनदा. गॉगलचं खरं मोल इथे आहे.

आता काच. मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आत जाताना सूर्य पाठीशी असतो. उजव्या हाताला आग्वादचा किल्ला, डावीकडे काबोचं टोक, समोरचे बोये लख्ख दिसतात. त्या वाटेवर कुठलाही गॉगल चालतो. खरी परीक्षा वळून किनाऱ्याकडे निघाल्यावर. नोव्हेंबरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, साडेसातला तो जेमतेम १२-१३ अंश वर आलेला असतो. हात लांब करून मूठ धरली तर तिच्या थोडासा वर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत. पारदर्शक किंवा फिक्या निळ्या काचेतून तेव्हा बोया दिसत नाही, नुसती चकाकी दिसते. म्हणून आरशाची, म्हणजे बाहेरून चकचकीत लेप दिलेली, काच हवीच.

पण सर्वांत काळी काच घेऊ नका. पावसाळ्यानंतर मांडवीचं गढूळ पाणी मुखाशी येत असतं, पाण्याखाली स्वतःचा पंजाही धड दिसत नाही. काळ्या काचेतून तिथे अंधारच होतो आणि पुढच्याच्या पायांमागचे बुडबुडे हरवतात, म्हणजे ड्राफ्टिंग (पुढच्याच्या मागे राहून कमी श्रमात पोहणं) संपलं. आतून फिका राखाडी किंवा तांबूस रंग आणि बाहेरून चंदेरी आरसा, हा मेळ इथे उत्तम. दुकानात गॉगल घालून ट्यूबलाइटखाली छापील पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून बघा. वाचता आली तर ती काच मिरामारला चालेल.

पोलराइझ्ड (पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी गाळणाऱ्या) काचेला जादा पैसे मोजण्याची गरज नाही. पाण्यावरची चकाकी सर्वांत जास्त पोलराइझ्ड होते ती सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास असताना. तोवर नऊ वाजून जातात आणि बहुतेक जण सायकलवर असतात. थेट डोळ्यांत येणाऱ्या उन्हावर तर तिचा विशेष उपयोगच नाही.

माप: पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलका दाबा आणि हात सोडा. तीन-चार सेकंद चिकटून राहिला तर बसला. लगेच पडला तर पट्टा कितीही आवळा, नाकाच्या बाजूने पाणी येणारच. उलट आवळल्याने रबर वाकडं होऊन गळती वाढते. मोठ्या चौकटीच्या गॉगलमधून बाजूचं जास्त दिसतं, पण अरुंद चेहऱ्यावर तो गालाच्या हाडाशी फटी सोडतो. अशांनी त्याच काचेचं लहान माप शोधावं. चष्मेवाल्यांना नंबरचे गॉगल अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात; मधला नंबर असेल तर खालचा घ्या.

पट्टा दोन कॅपच्या मध्ये घालावा. आत पातळ लॅटेक्सची, तिच्यावर पट्टा, वर शर्यतीत मिळालेली. सुरुवातीच्या गर्दीत कोणाचा हात लागला तरी गॉगल दर्यात जात नाही. दोन्ही कॅप सिलिकॉनच्या मात्र नकोत, एवढ्या कोमट पाण्यात डोकं तापतं.

काच धुरकट होते ती बहुधा पाण्यात नाही, रेतीवर. रांगेत उभं राहून चेहऱ्याला घाम येतो आणि त्याची वाफ काचेवर धरते. गॉगल कपाळावर ठेवून थांबणं त्याहून वाईट, कारण कपाळावरचं सनस्क्रीन रबराला लागून ते निसटू लागतं. गॉगल हातात ठेवा, शेवटच्या दोन मिनिटांत समुद्राच्या पाण्यात बुडवून घाला. आधल्या रात्री लहान मुलांच्या शॅम्पूचा एक थेंब आतून फिरवून हलका धुतला तर पुरेसा. आतल्या बाजूला बोट घासू नये, मूळचा लेप निघतो. मानेला व्हॅसलिन लावायचं तर ते गॉगल हाताळून झाल्यावर, किंवा दुसऱ्या कोणाकडून लावून घ्यावं.

मध्येच पाणी शिरलं तर गर्दीत उभं राहू नका. बाजूला सरून पाठीवर वळा, खालची कड उचलून पाणी सोडा, दोन सेकंद दाबा आणि पुढे चला. दहा सेकंदांचं काम आहे. घरी पोहण्याच्या सरावात हे पाच-सहा वेळा करून ठेवावं.

या गॉगलची एक कमजोरी मान्य करायला हवी: आरसा काचेच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि मिरामारची रेती त्याला खाते. काच खाली करून रेतीवर ठेवला की एका सरावात ओरखडे. पोहून झालं की गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. गाडीच्या डॅशबोर्डवर टाकला तर उन्हाने रबर कडक होतं आणि आरसाही लवकर सोलतो. नवा गॉगल शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. निदान चार सराव दर्यात झालेले असावेत, त्यातला एक तरी सकाळी साडेसातच्या उन्हात किनाऱ्याकडे तोंड करून.