लॉख लेव्हनच्या काठी कॅरॅव्हॅन: एका हंगामाच्या वापरानंतर

स्कॉटलंडमध्ये ग्लेनकोजवळ, लॉख लेव्हनच्या काठावरील एका कॅरॅव्हॅन साइटवर (कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर) आम्ही यंदा हंगामी जागा घेतली होती. वसंतापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचे भाडे एकरकमी भरायचे, आपली कॅरॅव्हॅन तिथेच उभी ठेवायची आणि सवड मिळेल तेव्हा जाऊन राहायचे, अशी ही व्यवस्था आहे. ग्लासगोत राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला ती सोयीची ठरते ती मुख्यतः रस्त्यामुळे. ए-८२ हा रस्ता टार्बेटच्या पुढे लॉख लोमंडच्या कडेने इतका अरुंद होतो की समोरून बस आली म्हणजे कॅरॅव्हॅन ओढत नेणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. नुसती मोटार असली तर शुक्रवारी कामावरून सुटून निघाले तरी रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोचता येते. (आरक्षण करताना एवढे पाहावे की किनरॉसजवळ याच नावाचे गोड्या पाण्याचे तळे आहे, जिथल्या बेटावर १५६७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीला कैदेत ठेवले होते. ते ठिकाण वेगळे.)

हे लॉख लेव्हन म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी आहे. ओहोटीला शेवाळाने माखलेले गोटे उघडे पडतात, त्यांचा खारट वास दारापर्यंत येतो आणि मधूनच एखादा सील पाण्याबाहेर डोके काढून पाहतो. एका बाजूला पॅप ऑफ ग्लेनकोचे ७४२ मीटर उंचीचे शिखर दिसते, तर पाण्यात आयलन मुंडे हे बेट, जिथे ग्लेनकोच्या मॅकडॉनल्ड कुळातले लोक आपले मृत पुरत असत. जूनमध्ये रात्री दहानंतरही बाहेर बसून वाचता येईल इतका उजेड असतो. देखाव्याबद्दल याहून अधिक लिहीत नाही, कारण तो जाहिरातींत पुरेसा सापडतो.

जाहिरातीत न सापडणारी गोष्ट म्हणजे वारा. पाण्यालगतच्या पहिल्या ओळीचे भाडे जास्त आहे आणि लोक ते देखाव्यासाठी मोजतात. परंतु मे ते सप्टेंबर या काळात खरी किंमत असते ती वाऱ्याची. इथले मिज नावाचे चिलटासारखे चावरे किडे ताशी साधारण ११ किलोमीटरपेक्षा अधिक वारा असला की उडू शकत नाहीत. पाऊस नुकताच थांबलेला, हवा पडलेली आणि सूर्य मावळतीला, अशा वेळी मागच्या ओळीत बर्चच्या झाडांखाली राहणारी मंडळी डोक्यावर जाळी घेऊन भांडी घासायला जाताना आम्ही पाहिली आहेत, आणि त्याच संध्याकाळी पाण्यालगत आम्ही उघड्यावर चहा घेत होतो. कॅरॅव्हॅनच्या खिडक्यांना असलेली नेहमीची जाळी या किड्यांना अडवत नाही. बारीक विणीची जाळी वेगळी लावून घ्यावी लागते.

हाच वारा सप्टेंबरपासून मात्र उलटतो. लॉख लिनी या शेजारच्या मोठ्या खाडीवरून तो आमच्या खाडीत शिरतो तेव्हा पहिल्या ओळीला कसलाही आडोसा नसतो. एका वादळी रात्री जमिनीला ताणून बांधलेले पट्टे असूनही कॅरॅव्हॅनला जोडलेल्या आमच्या तंबूवजा ऑनिंगचा एक खांब वाकला आणि भर पावसात दिव्याच्या उजेडात ते सगळे उतरवावे लागले. मागच्या ओळीतल्यांना त्या रात्री फक्त आवाज ऐकू आला.

वीजपुरवठ्याबाबत आमची तक्रार आहे. माहितीपत्रकात १६ अँपिअर छापलेले असताना आमच्या जागेच्या वीजजोडणीच्या खांबावर प्रत्यक्षात १० अँपिअरच मिळत होते. म्हणजे एकूण २,३०० वॅट. घरातली ३,००० वॅटची किटली लावली की खटका पडलाच. कमी वॅटची किटली आणि गॅसवरचे हीटिंग यांवर आम्ही निभावले. गॅसबाबत सांगायचे तर निळ्या सिलिंडरातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत लाल सिलिंडरातला प्रोपेनच घ्यावा.

स्वयंपाकाचा अनुभव आपल्या वाचकांसाठी मुद्दाम नोंदवतो. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाफ खिडक्यांवर पाणी होऊन पलंगाखालच्या कप्प्यांत उतरते, जिथे पुढे बुरशी धरते. आम्ही फोडणी आणि कुकर दोन्ही ऑनिंगमध्ये हलवले. वाणसामान जवळच्या बॅलाहूलिश गावातल्या को-ऑप या दुकानात मिळते, पण कोथिंबीर, मिरच्या आणि तूरडाळ ग्लासगोहूनच न्यावी.

स्वच्छतागृहे उबदार आणि स्वच्छ होती, कपडे वाळवण्याची खोली तर या पावसाळी मुलखात सगळ्यांत उपयोगी ठरली. कॅरॅव्हॅनमधल्या केमिकल टॉयलेटची टाकी रिकामी करण्याची जागा आमच्यापासून लांब आणि चढावर होती, एवढेच.

हंगाम संपताना टाकीतले व नळांतले पाणी पूर्णपणे काढून टाकले, अन्यथा हिवाळ्यात ते गोठून नळ्या फुटतात. पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या ओळीतली, झाडांपासून दूरची एक जागा राखून ठेवली आहे. तिथे वारा पोहोचतो, पुढच्या कॅरॅव्हॅनचा थोडा आडोसा मिळतो, भाडे कमी आहे, आणि खांबावर १६ अँपिअरचा खटका आहे हे या वेळी झाकण उघडून पाहिले आहे.