वेड अँड बुचरचा जुना वस्तरा: घेण्याआधी काय तपासाल

इंग्लंडातल्या शेफील्डचा जुना वस्तरा घ्यायचा म्हटले की पहिले नाव निघते ते ‘वेड अँड बुचर’चे, आणि ते रास्तच आहे. पाठ जाड, पाते रुंद आणि वजनदार. राठ दाढीवर ते आपल्या वजनाने चालते, हाताने दाब द्यावा लागत नाही. मात्र नाव बघून पैसे मोजू नयेत. दीडशे वर्षांत कोणी कशी धार लावली यावर सगळे अवलंबून असते.

पाते जिथे मुठीत शिरते त्या जाड दांड्यावरचे, म्हणजे टँगवरचे ठसे आधी वाचा. बनवणारे विल्यम आणि सॅम्युएल बुचर शेफील्डचे, पण त्यांचा बराच माल अमेरिकेत जाई. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले. म्हणून नुसते ‘शेफील्ड’ असेल तर वस्तरा बहुधा त्याआधीचा, सोबत ‘इंग्लंड’ असेल तर बहुधा नंतरचा. ‘कास्ट स्टील’ म्हणजे मुशीत वितळवलेले पोलाद. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने ही रीत बसवली. तिच्यामुळे पोलाद आतून एकजीव होऊ लागले आणि धार मध्येच कच्ची राहीना.

‘सिल्व्हर स्टील’ या ठशाला मात्र भुलू नये. लंडनचे सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या आसपास पोलादात पाचशेवा भाग चांदी मिसळून प्रयोग केले, त्यानंतर हे नाव बाजारात चलनी झाले. ठसा आहे म्हणून आत चांदी असेलच असे नाही. या स्टोडार्टला भारतीय ‘वूट्झ’ पोलादाचे मोठे कौतुक होते. या पोलादाचे नमुने १७९० च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले होते.

आता मोजपट्टी, खरे तर व्हर्नियर घ्या. पाठीची जाडी गुणिले साडेतीन म्हणजे साधारण पात्याची रुंदी, हे प्रमाण सांभाळलेले हवे. पाठ ६ मिमी आणि रुंदी २२ मिमी असेल तर धारेचा कोन साडेपंधरा अंशांच्या आसपास येतो. तो उत्तम. पाठ घासून साडेचार मिमीवर आली असेल तर कोन बारा अंशांच्याही खाली जातो आणि धार परजायच्या चामडी पट्ट्यावरच चुरा होते. उलट पाते झिजून १६ मिमी उरले आणि पाठ साडेसहाची असेल तर कोन तेवीस अंशांवर. असा वस्तरा केस कापत नाही, ओढतो.

गंजाचे डाग पाठीजवळ असतील तर चालतील. धारेलगत खड्डे असतील तर नको, कारण दगडावर घासता घासता नेमका खड्डाच धारेवर येतो. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून धारेच्या कडेला नखाने हलकी टिचकी मारा. चांगले पाते खणखणते, चिरलेले बद्द वाजते. पोकळ घासणीच्या, म्हणजे बाजू आत खोलगट घासलेल्या पात्याला ही परीक्षा जास्त लागू पडते, भरीव, म्हणजे पाचरीसारखे सपाट बाजूंचे पाते मुळातच कमी वाजते.

मुठीकडे दुर्लक्ष नको. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचे प्लास्टिक, कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि पाते मुठीच्या आतल्या बाजूने गंजते. अशी मूठ लगेच काढावी. शिंगाची मूठ सर्वांत बरी. हस्तिदंत किंवा कासवाच्या कवचाची असेल तर व्यवहारच नको, भारतात त्यांचा व्यापार बेकायदा आहे.

भरीव पात्याची जवळजवळ सगळी बाजू दगडाला टेकते, त्यामुळे धार लावायला फार वेळ लागतो. पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावून १०००, ४०००, ८०००, १२००० असे अधिकाधिक बारीक कणांचे दगड क्रमाने वापरावेत. टेप मध्येच काढू नये, कोन बदलतो आणि धार दगडाला टेकतच नाही. या वस्तऱ्यांची धार बऱ्याचदा किंचित बाहेर गोलाईत असते. तिला सपाट करायच्या फंदात न पडता टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत पाते लोळवत न्यावे. धार आत वळलेली असेल तर ती वाईट घासणीची खूण, तो वस्तरा सोडावा.

पहिलाच वस्तरा घेणार असाल तर भरीव नको, थोडी पोकळ घासणी आणि २२ मिमी रुंदी असलेला घ्या. राठ दाढीसाठी, हात बसल्यावर, भरीव बुचरसारखा दुसरा वस्तरा नाही.